दोनदा धुतलेला शर्ट

मामा हरवला तो वादळात नाही, वादळ संपल्यावर. हे प्रत्येकाला नव्यानं सांगावं लागतं, कारण लोकांना वाटतं वारा आला आणि माणूस उडून गेला. तसलं काही झालं नाही. वारा पडला, सगळे शाळेच्या हॉलच्या पुढच्या दारात आभाळ बघायला गेले, आणि मामा मागच्या दारानं चालता झाला.

आख्खा मोहल्ला त्या हॉलमध्ये होता. नववीत ज्या शाळेतून मी पळ काढला, तिथंच वादळानं मला मानगूट धरून आणून बसवलं. बाबा म्हणाले पण, "बघ, शेवटी आलीस ना शाळेत." एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडलीय, दाढी पिकलीय, पण डोकं लहान पोराचं. आई त्याला सोन्या म्हणते. आजी गेल्यापासून तो आमच्याकडेच असतो. रोज सकाळी बसस्टॉपवर उभा राहून प्रत्येक ड्रायव्हरला हात करतो. बसमध्ये मात्र बसत नाही, गर्दीत त्याचा जीव गुदमरतो. हॉलमध्ये तर तो कानांवर हात दाबूनच बसला होता. सारखं एकच, "घरी कधी जायचं?" आम्ही सगळे एकच सांगायचो, वारा थांबला की. मग वारा थांबला.

एक पोलीसबाई आली होती, तिनं आईला बाजूला घेतलं. म्हणाली, "त्याच्या अंगातला एखादा कपडा आहे का? असला तर जपून ठेवा. धुवायचा नाही, झटकायचा नाही, दुसऱ्या कपड्यात मिसळायचा नाही. रस्ता मोकळा झाला की शोधणारं कुत्रं येईल, त्याला वास द्यायला लागतो."

कपडा होता. त्याच दिवशी मामानं अंगावर चहा सांडला म्हणून आईनं त्याचा शर्ट बदलला होता. चौकड्यांचा, घामानं कडक झालेला, बटण तुटलेला. आईनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला गाठ मारली. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी आलो तेव्हा तिनं पिशवी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, कारण घरात तेवढीच एक कोरडी जागा होती. शोधायला जाताना बरोबर नेली तर भिजेल म्हणायची. येता-जाता मान वर करून बघायची, गॅसवर दूध ठेवलेलं असावं तसं.

मग ते निळ्या टी-शर्टवाले आले. लांबच्या कुठल्या कुठल्या चर्चमधून बस भरून आलेले. बरेचसे रिटायर झालेले: एक प्लंबर, दोघीतिघी मास्तरणी, एक बँकवाला. एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणायचे, मला आधी वाटलं एवढं मोठं खटलं एकाच घरातलं. कामाआधी गोल करून हात धरायचे, डोळे मिटायचे आणि प्रार्थना करायचे. मला वाटायचं, उरका लवकर, चिखल वाळतोय. पण खोटं कशाला बोलू, कामाला वाघ होते. शेजारच्यांचं घर त्यांनी जेवायच्या सुट्टीपर्यंत उपसून काढलं. त्यांच्याकडे एक ट्रक होता, त्याच्या पोटात वॉशिंग मशिनी ओळीनं बसवलेल्या. बायका घराघरांतून कपडे न्यायच्या आणि धुऊन, वाळवून, घड्या घालून आणून द्यायच्या.

आणि त्यांचा एक नियम होता. घरातली एकही वस्तू न विचारता उचलायची नाही. फुटकी बशी असली तरी विचारणार, "हे ठेवायचं की टाकायचं?" मला ते बरं वाटलं होतं.

आमच्याकडे ते आले तेव्हा मी आणि आई नव्हतो. मी सायकल हाणत होते, आई मागे कॅरिअरवर, आणि आम्ही एकेक बसस्टॉप बघत होतो. स्टॉप कसले, वाकलेले खांब. परत आलो तर घर ओळखू येईना. जमीन चक्क दिसत होती. बाबा रंगारी आहेत, त्यांनी स्वतःच्या हातानं दिलेला रंग फुगून सुटला होता, तो पण कोणीतरी खरवडून भिंत पुसून घेतली होती. सगळीकडे फिनेलचा वास. टेबलावर कपड्यांच्या घड्या, इस्त्री केल्यासारख्या.

आई थेट स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे. फळी रिकामी होती. तिच्यावर ओलं फडकंसुद्धा मारलेलं.

"वरची पिशवी?" आई म्हणाली.

तिथं एक काकू ओटा घासत होत्या. जाडजूड, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हात पुसत खुशीत म्हणाल्या, "शर्ट ना? झाला की ताई. फार मळला होता हो तो, दोनदा धुवावा लागला. आणि बटण नव्हतं त्याला, तेही लावलंय. बघा बरं, रंग जुळलाय का."

त्यांनी घड्यांतून शर्ट काढून आईच्या हातात दिला. फुलाफुलांचा वास येत होता त्याला. आईनं तो नाकाला लावला. काढला, परत लावला. मग तिथंच ओल्या जमिनीवर बसली.

माझं डोकं फिरलं. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? तुमच्या देवानं सांगितलं का, जा आणि त्यांच्या घरात हात घाला म्हणून? गाठ मारलेली पिशवी कळत नाही? माणूस हरवलाय आमचा. कुत्र्याला वास द्यायला ठेवला होता तो. आता काय देऊ, तुमची साबणाची पावडर?"

काकूंचा चेहरा पडत पडत पार पांढरा झाला. "मी विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या, जणू तेही म्हणायला नको होतं.

मागच्या दारात बाबा उभे होते. हात कोपरापर्यंत चिखलात. "मी गादी उचलत होतो," ते म्हणाले. "मागून आवाज आला, हे सगळं धुवायचं का. मी म्हटलं, सगळंच धुवा."

"मागे वळून बघायला काय झालं होतं?"

"गादीचं एक टोक माझ्या हातात होतं."

मला कोणाशी तरी भांडायचं होतं आणि समोर कोणी भांडायला तयार नव्हतं. काकूंनी एक शब्द उलटा काढला असता तर मी जन्मभराचं ऐकवलं असतं. त्या नुसत्या उभ्या, हातात घासणी, पाणी गळतंय.

त्यांचा म्होरक्या म्हणजे तो प्लंबर, पांढऱ्या मिशांचा. त्यानं सगळं काम थांबवलं. आईसमोर उकिडवा बसून म्हणाला, "ताई, त्यांच्या अंगाला लागलेलं दुसरं काही असेल? उशी, टोपी, काहीही."

उशी रस्त्यावरच्या ढिगात होती, गटाराचं पाणी प्यालेली. कंगवा ब्लीचच्या बादलीत. दात घासायचा ब्रश कचऱ्यात, आणि त्या कचऱ्यावर कोणीतरी जंतुनाशक मारलेलं. चपला मामाच्या पायात होत्या. एवढं मन लावून आमचं घर आजवर कोणीच साफ केलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही.

तरी ते सगळे ढिगात उतरले. बँकवाला गुडघ्यांवर बसून हातानं चिखल उपसत होता. प्लंबरनं एक चड्डी वर काढली. "ही?"

"ती माझी," बाबा म्हणाले.

"आणि ही?"

"तीही माझीच. ठेवा खाली."

एक मास्तरीण हसली आणि मग तिलाच रडू फुटलं. मला त्या दोन्हीचा राग आला.

शेवटी सापडलं ते माझ्याच सायकलवर. हॉलमध्ये आम्हाला एक घोंगडी मिळाली होती. आईला बसताना टोचू नये म्हणून मी ती घडी करून कॅरिअरला बांधली होती. मामा तीच पांघरून झोपायचा. पण मीही झोपायचे, आईही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रेवाला हॉलवर आला. पोरसवदा, गमबूट घातलेला, डोळे लाल. कुत्री बारकी, तपकिरी, पायाला फडकं बांधलेलं. निळ्या टी-शर्टवाले पण आले होते, कोणी बोलावलं नसताना. काकू सगळ्यांच्या मागे.

आईनं आधी शर्टच पुढं केला. मी म्हटलं, "अगं आई." पण तिला वाटत होतं, कुत्र्याचं नाक आपल्यासारखं नसतं, त्याला काहीतरी कळेल. कुत्रेवाल्यानं शर्ट स्वतःच हुंगला आणि हळूच परत दिला.

"घोंगडी कोणी कोणी वापरली?"

"आम्ही दोघींनी आणि त्यानं," आई म्हणाली.

"मग तुम्ही दोघी इथं उभ्या राहा. हिला तुमचे वास वजा करायला लागतील. जमेलच असं नाही सांगत."

कुत्रीनं घोंगडीत तोंड घातलं. मग माझ्याकडे आली, ओलं नाक माझ्या घोट्याला लावलं, आणि माझ्यासमोर बसली. शेपूट हलवायला लागली. तिला वाटलं, सापडला माणूस.

"ती नाही गं," कुत्रेवाला म्हणाला. "दुसरा शोध."

मग ती आईसमोर बसली. परत घोंगडी. परत माझ्यासमोर. तिला आपली शाबासकी हवी होती. तो चिडला नाही. गुडघ्यावर बसून तिच्या कानात काहीतरी बोलायचा आणि परत सोडायचा. मी पायांची बोटं आवळून उभी होते. आपला वास बंद करता आला असता तर केला असता.

कितव्यांदा तरी ती आम्हाला ओलांडून गेली. मागच्या दारानं बाहेर. आई माझा दंड धरून धावायला लागली. मैदान, पडलेली कंपाउंडची भिंत, विजेची तार, मग रस्ता. कुत्री नाक जमिनीला लावून सरळ रेषेत. बाबा म्हणाले, "घराकडे निघाला होता तो." खरंच घराचाच रस्ता होता. आई पळता पळता हसत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

उतारावर रस्ता संपतो तिथं नाला आहे. त्यावरचा पूल अर्धा वाहून गेलेला, आणि रस्त्यावरून पाणी गेल्याच्या खुणा, गाळ, झाडांच्या मुळ्या, कोणाची तरी खुर्ची. कुत्रीनं तिथं एक फेरी मारली. दुसरी मारली. पलीकडच्या काठावर नेलं तरी तेच. मग खाली बसली आणि मालकाकडे बघत राहिली.

"इथपर्यंतच," तो म्हणाला.

"इथपर्यंत म्हणजे?" आईनं विचारलं.

"पुढं तिला काही मिळत नाही. पाणी गेलंय इथून. ते पाण्याआधी पार गेले असतील, बाजूला वळले असतील, काहीही असेल."

मी विचारलंच. "शर्ट चांगला असता तर मिळालं असतं?"

त्यानं आमच्याकडे बघितलं, मागे उभ्या काकूंकडे बघितलं. कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं असावं. "चांगला वास असला की ती लांबपर्यंत जाते. पण पाण्यापुढं कधी कधी चांगला वासही चालत नाही. मला नाही सांगता येणार."

हो म्हणाला असता तर मी काकूंना कच्चं खाल्लं असतं. नाही म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. तो दोन्ही म्हणाला नाही. त्याला पुढच्या वस्तीत जायचं होतं, तिथं एका लहान पोरीला शोधायचं होतं. आईनं त्याचा हात धरून ठेवला होता, तो त्यानं सोडवला नाही, आईनंच थोड्या वेळानं सोडला.

प्लंबर पुढं आला. "ताई, तुमची हरकत नसेल तर आम्ही प्रार्थना करू?"

"करा," आई म्हणाली. तिचं लक्ष पाण्याकडे.

त्यांनी गोल केला. त्यानं काकूंकडे बघून मान हलवली, म्हणजे त्यांनी म्हणायची. काकूंनी डोळे मिटले. "हे प्रभू," म्हणाल्या. सगळे थांबले. "हे प्रभू," परत म्हणाल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रोज घराघरांत घडाघडा बोलणारी बाई. शेजारच्या मास्तरणीनं त्यांचा हात दाबला तरी काही निघेना. कोणी त्यांच्या जागी बोललंही नाही. मला वाटत होतं, बरं झालं, अडकू दे. आणि त्याच वेळी वाटत होतं, म्हण बाई काहीतरी, कोणीतरी म्हणा.

आईच म्हणाली, "चला. ऊन चढायच्या आत खालची बाजू बघून होईल."

आम्ही नाल्याच्या कडेनं निघालो, हाताहाताचं अंतर ठेवून. गाळात पाय रुतत होते. आई पुढं, "सोन्या, ए सोन्या," करत. बाबांच्या हातात काठी, ते प्रत्येक झुडूप उचकून बघत होते आणि बघायच्या आधी क्षणभर थांबत होते. निळ्या टी-शर्टवाले दोन्ही बाजूंना. काकू माझ्या शेजारी आल्या होत्या, मुद्दाम आल्या की रांगच तशी लागली, माहीत नाही. त्यांचा बूट चिखलात राहिला, तो त्यांनी उपसून काढला, हातात घेतला आणि तशाच चालल्या.

मग त्यांनीही हाक मारली. "सोन्याभाऊ, अहो सोन्याभाऊ."

मी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"भाऊ म्हणू नका," मी म्हटलं. "त्याला वाटेल दुसऱ्याच कोणाला हाक मारताय. नुसतं सोन्या. आणि जरा मोठ्यानं."

त्यांनी मान हलवली. "सोन्या," त्या ओरडल्या, आणि मग थांबून ऐकत राहिल्या. मीही ऐकलं. पुढं वाट पाण्याखाली गेली होती, म्हणून आम्ही वळसा घेतला.