पहिल्या पानावरचा डॉल्फिन

चैत्रालीच्या अर्जाच्या पहिल्या पानावर डॉल्फिनचा फोटो होता, आणि आत सगळीकडे निवट्या. निवटी म्हणजे ओहोटी लागली की चिखलावर सरपटत फिरणारा, बटबटीत डोळ्यांचा, बोटाएवढा मासा. बजबजला, नदीकाठच्या तागाच्या गिरण्यांमागे गुडघाभर गाळात उभी राहून चैत्राली या माशांच्या बिळांचा अभ्यास करायची. आईचं माहेर रेवदंड्याचं. "निवट्यांचं आम्ही कालवण करायचो," प्रेमलताबाई हसायच्या, "त्यांच्यावर कसली डॉक्टर होतेस?"

असा फोटो लावणं ही तिच्या प्रयोगशाळेची रीतच होती. काम कासवावर असो की बेडकावर, पैसे मागताना पहिल्या पानावर डॉल्फिन, नाहीतर वाघ. "देणाऱ्याला गोड चेहरा लागतो," तिचे मार्गदर्शक दासगुप्ता सर सांगायचे. डॉक्टरेट झाली, शिष्यवृत्ती संपली, आणि पृष्ठवंशी प्राण्यांवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना मदत करणारी एक परदेशी संस्था सापडली, तेव्हा चैत्रालीनेही मुकाट्याने फोटो चिकटवला. सरांनी शिफारशीत वर भर घातली की ही मुलगी पुढे डॉल्फिनकडे वळणार आहे. मुलाखतीचं बोलावणं त्यामुळेच आलं, हे न कळायला ती काही कुकुलं बाळ नव्हती.

त्यातच बाबांची, जयप्रकाशरावांची, सिकंदराबादला बदली झाली. रेल्वेतल्या माणसाच्या घरात एकाची बदली म्हणजे सगळ्यांची. भांडी, कुंड्या, मुलं, सगळं एका ट्रकमधून निघतं. गार्डन रीचचं रेल्वे क्वार्टर ज्या दिवशी रिकामं होत होतं, नेमकी त्याच दिवशी मुलाखत. बाबांनी निकाल आधीच लावून टाकला होता. "पैसे मिळाले तर खुशाल राहा. नाही मिळाले तर आमच्याबरोबर चल. तिकडे एखाद्या शाळेत नोकरी बघू."

चैत्राली खोक्यांवर लॅपटॉप ठेवून बसली. पडद्यावर तीन परीक्षक होते. सुरुवात झकास झाली. मग मधल्या बाईंनी विचारलं, "डॉल्फिनचं काम कधी सुरू करणार?"

'लवकरच' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आज हो म्हटलं की पुढच्या अर्जातही हो म्हणावं लागणार, त्याच्या पुढच्यातही, आणि निवट्या जन्मभर आतल्या पानांत. तिला भयंकर संताप आला. सरांचा थोडा, स्वतःचाच जास्त.

"कधीच नाही," ती म्हणाली. "तो फोटो मी लावला, चूक माझी. डॉल्फिनसाठी बोटी आहेत, कॅमेरे आहेत, माणसं आहेत. निवटीसाठी त्या काठावर मी एकटी उभी असते. काठ सिमेंटने बांधून काढताहेत, बिळं बुजताहेत. मदत करायची तर निवटीसाठी करा. नसेल करायची तर तसं सांगा, प्राणी मी बदलणार नाही."

"आमच्या देणगीदारांना यात काय दिसेल?"

"चिखल," चैत्राली म्हणाली.

बाईंना हसू आलं. पण उत्तर त्यांनी तिथेच दिलं: खरं बोललात, आभार, मात्र या वर्षी आम्हाला जमणार नाही. पडदा काळा झाला. चैत्रालीला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं.

बाबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. "झालं समाधान? हातचं घालवलंस. चल, आवर आता."

"बाबा, बदली तुमची झालीये. माझी नाही."

"आणि राहणार कुठे? खाणार काय?"

"बजबजला खोली घेईन. शिकवण्या करीन. दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करीन, तिथे नाही झालं तर तिसरीकडे. आणि पहिल्या पानावर निवटीचा फोटो लावीन."

"अगं, तू तरी समजाव हिला!" बाबा स्वयंपाकघराकडे बघून ओरडले.

प्रेमलताबाई तिथून बाहेर आल्या. भांड्यांचं खोकं हमालाने नुकतंच उचललं होतं. "भैया, नीचे रखो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच चिकटपट्टी टराटरा ओढली आणि छोटा कुकर, तवा, दोन ताटं बाहेर काढून लेकीच्या पायाशी मांडली.

"हे काय चाललंय?" बाबा म्हणाले.

"हे सामान बजबजला जाणार," प्रेमलताबाई म्हणाल्या. मग चैत्रालीकडे वळून, जरा रागानेच, "आणि फोटो मोठा लाव. डोळे नीट दिसू देत तिचे."