पौर्णिमेचं पाणी

मी गळाची काठी बोलतेय. एके काळी नऊ फूट लांब होते, आता जेमतेम साडेचार फूट उरलेय. जे घडलं ते सांगताना अजूनही मला कापरं भरतं, तेव्हा मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. काचेचे धागे साच्याभोवती गुंडाळले, भट्टीत भाजले, वरून काळा रंग चढवला आणि मुठीला बुचाचं लाकूड लावलं, एवढंच लक्षात आहे. ज्या खोक्यात मला बंद केलं त्यावर उसळत्या लाटेचं चित्र होतं. मला वाटलं, आता समुद्र! आणि खोकं उघडलं ते बडोद्यात. इथून समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला धक्का.

रिफायनरीतल्या मित्रांनी जनार्दनरावांना निवृत्तीची भेट म्हणून मला आणलं होतं. इतरांचं म्हणणं होतं घड्याळ द्यावं. पण गणपतराव म्हणाले, "हा माणूस तीस वर्षं डबा खाताना फक्त माशांबद्दल बोललाय. त्याला घड्याळ कसलं देता?" जनार्दनरावांनी मला खोक्यातून काढलं, हवेत एकदा झुलवलं, आणि सभागृहात सगळ्यांसमोर त्यांचे डोळे भरून आले.

त्यांचे वडील रत्नागिरीकडचे. रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले ते इथलेच झाले. पण दर मे महिन्यात मुलाला घेऊन गावी जायचे आणि खाडीवर गरवायला बसायचे. गळाला कोळंबी लावायची, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, पाण्यात सोडायचा आणि गप्प बसायचं. त्या खडकावर बसून वडिलांनी त्यांना भरतीचं गणित शिकवलं होतं. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. पौर्णिमा असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पाढा पाठ असला की भरती खिशात, असं वडील म्हणायचे.

बडोद्यातल्या छाणीच्या फ्लॅटमध्ये मला कपाटावर आडवं ठेवलं गेलं आणि माझ्याशेजारी एक जाड वही आली. त्या वहीत जनार्दनराव बेत लिहायचे. चारही ऋतूंचे. थंडीत बोईट, होळीनंतर शिंगाळा, वैशाखात जिताडा, पावसाळ्यात काठी बंद. कुठल्या महिन्यात वारा कुठून, कुठली तिथी उधाणाची, निघायचं किती वाजता, वाटेत पादरा गावी चहा घ्यायचा की जंबुसरला. बेत इतका बारीक की सोबत किती लिंबं न्यायची तेसुद्धा लिहिलेलं.

मंदाताई, त्यांची बायको, कणीक मळता मळता विचारायच्या, "आणि मासा मिळाला तर शिजवणार कुठे? वरती नलिनीबेन, खाली जैन देरासरवाले. वास गेला की बिचारे बोलत काही नाहीत, खिडक्या लावून घेतात."

"मंदा, आधी मिळू तर दे."

बेत चार वर्षं चालला. एकदा गुडघ्याचं ऑपरेशन आलं. एकदा मंदाताईंच्या भावाचं आजारपण. एकदा तर पिशव्या भरून तयार होत्या आणि सोसायटीची पाण्याची टाकीच फुटली. मी कपाटावर पडून, माझ्यावर गादीच्या खोळी. मनात म्हणायची, माणसं बेतावर इतकी माया करतात की निघायचंच विसरतात.

शेवटी लेकीनं विषय संपवला. अवंती वाघोडियाच्या एका कंपनीत मालाची तपासणी करते. सव्वीस वर्षांची, बोलायला फटकळ. एका शनिवारी तिनं मला कपाटावरून खाली ओढलं आणि म्हणाली, "बाबा, उद्या रविवार, त्यात माघी पौर्णिमा. तुमच्या वहीत या तिथीला तीन चांदण्या काढल्यात. बस ने आता, निघायचं!"

आम्ही निघालो. मी गाडीच्या मागच्या सीटपासून पुढच्या खिडकीपर्यंत तिरकी. जंबुसरच्या पुढे रस्ता बारीक झाला, बाभळी आल्या, मग मिठाचे पांढरे वाफे, आणि मग जमीन संपली.

मी पाहिलं आणि हबकले. समुद्र नव्हताच. जिथवर नजर जाते तिथवर चिखल, राखाडी, ओला, उन्हात चमकणारा. पार टोकाला पाण्याची एक रेघ. चिखलात एक घळ, घळीत घोटाभर पाणी, आणि घळीपलीकडे वाळूचा उंचवटा.

जनार्दनराव मात्र खूश झाले. घड्याळात साडेबारा वाजले होते. "पाहिलंस? पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती होऊन सव्वा तास झाला. ओहोटी लागलीय. बापरे, इथलं पाणी किती झटकन हटतं! आता साडेपाचपर्यंत रान मोकळं. मासा त्या घळीच्या तोंडाशी येणार. तू त्या वाळूवर उभी राहा, मी पिशवी घेऊन मागून येतो."

काठावर एक बाई जाळं विणत बसली होती. गंगाबेन. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पायाला गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलासारखा रंग. शेजारी चिखलात रोवायचे खुंट आणि एक लांब लाकडी फळी. तिनं मान वर करून तिकडे जायला मना केलं, "काका, त्यां ना जवाय. पाणी आवशे."

जनार्दनराव हसले. वाईट हसले नाहीत, शिक्षक हसतो तसे हसले. "ना बेन, आजे पूनम छे ने? सव्वा अगियारे पाणी भराई गयुं. हवे तो ओट." ओट म्हणजे ओहोटी. आणि त्यांनी चक्क तिला पाढा म्हणून दाखवला.

गंगाबेन त्यांच्याकडे बघतच राहिली. "पूनमे तो अहीं चार वागे भराय छे, काका."

अवंती थबकली. "बाबा, ती चार म्हणतेय."

"अगं, त्यांचं घड्याळ, त्यांचा हिशेब. मी पाच वर्षांचा असल्यापासून हे करतोय. जा तू."

ती गेली. मी तिच्या खांद्यावर होते. घळ ओलांडताना तिचे बूट चिखलात पचपच वाजले. वाळूवर पोचून तिनं गळाला कोळंबी लावली, मला मागे नेऊन जोरात पुढे झुलवलं. चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्या अंगातून तंगूस सुटला. काय सांगू, मी सुखावले. त्या सुखात पाणी वळलंय हे मलाही कळलं नाही.

आधी आवाज आला. लांबून मालगाडी यावी तसा, पण न थांबणारा. अवंतीनं मान वर केली. ती रेघ आता रेघ नव्हती. फेसाची भिंत होती, वीतभर उंच, आणि ती चालत नव्हती, धावत होती. अवंती परतायला मागे वळली. पाणी आमच्या समोरून यायच्या आधी मागून आलं होतं. ती घळ, जी आम्ही घोटाभर पाण्यात ओलांडली, ती काठोकाठ भरून आत वाहत होती.

"बाबा!"

जनार्दनराव काठावर कोळंबीची पिशवी हातात धरून उभे होते. हलले नाहीत. पळायचं, ओरडायचं, काहीतरी करायचं, त्यातलं काही त्यांना सुचेना. त्यांचे ओठ हलत होते. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला खात्री आहे, ते पुन्हा पुन्हा तोच पाढा म्हणून बघत होते.

मला हातात धरूनच अवंती धावली. घळीच्या कडेला तिचा पाय चिखलात गेला, गुडघ्यापर्यंत. दुसरा टेकवला, तो मांडीपर्यंत. जितकी ओढायची तितकी खाली जायची. पाणी कमरेला लागलं.

तेव्हा गंगाबेन निघाली. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक तिनं जनार्दनरावांच्या हातात कोंबलं आणि कानात ओरडली, "खेंचजो!" मग फळी चिखलावर टाकून तिच्यावर पोट टेकलं आणि एका पायानं रेटत पाण्यात शिरली.

"ऊभी ना रहे! सूई जा! लाकडी नीचे मूक!"

आडवी हो, काठी खाली घाल. अवंतीला कळलं. तिनं मला पाण्याखाली चिखलावर आडवं घातलं आणि छातीचा सगळा भार माझ्यावर टाकला. मी वाकले. मी माशासाठी बनवलेली, माणसाचा भार मला कुठून पेलणार? पण मोडू नये, एवढा वेळ तरी मोडू नये, असं मी म्हणत होते. तिचा एक पाय सुटला. दुसरा सुटला, बूट आतच राहिला. आणि मग मी मधोमध कडकन मोडले. वरचा अर्धा भाग, तंगूस, मुठीजवळून निसटलेलं रीळ, सगळं पाण्याबरोबर आत गेलं.

तोवर गंगाबेनचा हात तिच्या दंडाला पोचला होता. "काका, खेंचो!" आणि जनार्दनरावांनी खेचलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला तो माणूस चिखलात बसून, मागे कलंडून, हाताची सालं निघेपर्यंत खेचत राहिला. फळीवर दोघी, आणि अवंतीच्या मुठीत मी, अर्धी.

आम्ही काठावर आलो. अवंतीचे दात वाजत होते. जनार्दनराव वाळूच्या उंचवट्याकडे बघत होते. तो तिथे नव्हता. अजून दोनसुद्धा वाजले नव्हते.

गंगाबेननं अवंतीच्या अंगावर आपली ओढणी टाकली आणि शांतपणे म्हणाली, "काका, तमारुं गणित खोटुं नथी. पण ए अमारा पाणीनुं नथी."

गणित खोटं नव्हतं. ते रत्नागिरीच्या पाण्याचं होतं. हे आखात आहे, इथे तोच समुद्र तासन्‌तास उशिरा पोचतो आणि पोचतो तेव्हा असा पोचतो.

घरी मंदाताईंनी दार उघडलं आणि त्यांच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "हे काय? काय झालं?"

"काही नाही," जनार्दनराव म्हणाले. "पाय घसरला जरा अवंतीचा."

अवंतीनं वडिलांकडे पाहिलं. त्या पाण्यात जेवढी हादरली नव्हती तेवढी ती आता हादरली होती. ती आत निघून गेली.

सकाळी चहाच्या वेळी जनार्दनराव स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभे राहिले. "मंदा, काल मी खोटं बोललो. पोरगी जिवानिशी जाणार होती. मीच पाठवली होती तिला. तिथली एक बाई सांगत होती, जाऊ नका, आणि मी तिला पाढा शिकवला."

चहा उतू गेला. मंदाताईंनी गॅस बंद केला, शेगडी पुसली. मग म्हणाल्या, "चार वर्षं त्या वहीत लिहीत होतात. लिंबं मोजून लिहिलीत. एकदा तरी तिथे जाऊन कुणाला विचारलं होतं, पाणी कधी येतं म्हणून?"



पुढच्या अष्टमीला जनार्दनराव मला घेऊन एस.टी.नं एकटेच निघाले. मला वाटलं, माझी अर्धी काया कुठेतरी फेकून देतील. त्यांनी मला गंगाबेनच्या अंगणात नेलं आणि हात जोडून म्हणाले, "बेन, मने शिखवाडो."

ती आधी हसली. मग मला हातात घेऊन वळवून पाहिलं आणि काठाजवळच्या तिच्या जाड खुंटाला मला उभं बांधून टाकलं. जनार्दनरावांनी वीतवीत अंतरावर माझ्याभोवती लाल पट्ट्या चिकटवल्या. तेव्हापासून वर्षभर, दर अमावास्येला, पौर्णिमेला आणि दोन्ही अष्टम्यांना ते येतात, काठावर बसतात, पाणी कुठल्या वेळी कुठल्या पट्टीवर आलं ते लिहितात. गळ टाकत नाहीत. होळीला वारा फिरला की पाणी कसं लवकर चढतं ते मी पाहिलं. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांवर आदळताना पाहिलं, तेव्हा मी पूर्ण बुडाले होते. जुन्या वहीच्या पानांवर त्यांनी फुल्या मारल्या. नव्या वेळा मोठ्या गुजराती अक्षरांत लिहून चहाच्या टपरीवर चिकटवल्या, खाली गंगाबेनचं नाव घातलं.

अवंती वर्षभर आली नाही. वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलायची, असं मंदाताईंनी काठावर बसलेल्या गंगाबेनला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

आज ती आली. एकटीच, वडिलांना न सांगता. जनार्दनराव आधीच काठावर बसलेले. तिला पाहून उठायला गेले, तर तिनं हातानंच बसा म्हटलं. तेवढ्यात शहरातून आलेली पाचसहा जणं हसतखिदळत, मोबाइल उंच धरून घळीत उतरली. अवंती उठली आणि अशी ओरडली की बगळे उडाले. "पाछा आवो! हमणां ज पाछा आवो!"

ती माणसं वैतागत परतली. एकानं तर तिला वेडं म्हटलं. ती वडिलांशेजारी येऊन बसली. जनार्दनरावांनी हळूच आपला हात पुढे केला. तिनं तो झिडकारला नाही.

माणसांनो, मी तुम्हाला समुद्रावर येऊ नका म्हणत नाही. या, जरूर या, पण पाण्यात पाय घालण्याआधी त्या काठावर जन्म काढलेल्या माणसाला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. आता मला बोलणं आवरायला हवं. पाणी माझ्या तिसऱ्या पट्टीवर आलंय, चौथी बुडायला वेळ लागणार नाही. तुम्ही तिथे उभे राहू नका. मागे व्हा, अजून मागे.