थोरलीचे नऊ गुण

धाकटीच्या नैराश्याची मोजणी चोवीसवर गेली, म्हणजे तीव्र, आणि त्याच संध्याकाळी आई बॅग भरून तिच्याकडे राहायला गेली. थोरली आपल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासत बसली. बहिणीची काळजी होतीच, पण मनात आणखीही काहीतरी जळत होतं. तिचा स्वतःचा नवरा वारला तेव्हा आई तिच्याकडे जेमतेम आठवडाभर राहिली होती. "तू खंबीर आहेस," म्हणाली आणि परतली.

धाकटीला तपासणीला न्यायचं काम मात्र थोरलीचं. डॉक्टरीणबाई दरवेळी तेच ठरलेले प्रश्न विचारत आणि उत्तरं ऐकून गुण देत. झोपेचेच तीन प्रश्न होते. पटकन लागते का? मध्ये मोडते का? पहाटे फार लवकर जाग येते का? शेजारी बसलेली थोरली मनातल्या मनात आपलीही उत्तरं देई. तिला कोण विचारतंय?

एकदा तिला राहवेना. धाकटीला बाहेर बसवून ती म्हणाली, "डॉक्टर, माझंही मोजा."

बाईंनी सगळं शांतपणे विचारलं. झोपेच्या प्रश्नांवर थोरलीचे गुण भराभर वाढले. पण भूक लागत होती, कामात लक्ष होतं, मरावंसं कधी वाटलं नव्हतं.

"नऊ. सौम्य आहे. पण दुर्लक्ष करू नका, पुढच्या वेळी स्वतःसाठी या."

"नऊच?" थोरलीचा चेहरा पडला.

बाहेर धाकटीने विचारलं, "किती आले?"

"नऊ."

धाकटी म्हणाली, "हेवा वाटतो गं तुझा. मला नऊ असते तर आज वर्गात शिकवत असते. आता आई केस विंचरून देते, ताई. लाज वाटते."

थोरलीला गलबलून आलं. तरी आईची ती फणी काही डोळ्यांसमोरून हलेना.

घरी आई धाकटीसाठी सफरचंद चिरत होती. थोरली दारातूनच म्हणाली, "आई, मलाही झोप लागत नाही. कधीपासून."

आईचा हात थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

रविवारी आई धाकटीला घेऊन थोरलीकडे आली. जेवणं झाल्यावर ती दोघींच्या मध्ये आडवी झाली, तोंड धाकटीकडे करून. थोरलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग आईचा खांदा हलवून म्हणाली, "आई, आता इकडे वळ."

आई वळली.