रविवारी बाटलेला डबा

मी चार पुडांचा डबा बोलतोय. स्टीलचा, मूळचा धारवाडचा, गिरिजा हिरेमठच्या लग्नात आलेला. हिरेमठांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी, एवढ्यावर माझा जन्म जायचा होता.

नवऱ्याची बदली मलपेला झाली आणि आम्ही समुद्राकाठी आलो. नवरा आठवडाभर बँकेत, रविवारी अंथरुणात. गिरिजाशी बोलायला चिटपाखरू नव्हतं. शेजारची वारिजा सालियन मासळीबाजारात बसायची. एका शनिवारी तीच दारात येऊन म्हणाली, "उद्या आम्ही चौघी वाळूवर जेवायला जातोय. तू काय एकटी भिंती मोजत बसतेस? चल."

"मी रोट्टी आणते, वारिजक्का," गिरिजा हरखून म्हणाली.

धारवाडला रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी. मलपेला रोट्टी म्हणजे तांदळाचा कुरकुरीत पापुद्रा, कोंबडीच्या रश्शात भिजवून खायचा. वारिजक्काने सकाळी उठून पातेलंभर रस्सा केला. वाळूवर माझं झाकण उघडलं आणि चौघी आत वाकून बघत राहिल्या.

"अगं, ही रोट्टी की घोंगडी?"

हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. गिरिजा रडायच्या बेतात होती. तेवढ्यात वारिजक्काने भाकरी मोडली, रश्शात बुडवून खाल्ली आणि म्हणाली, "आमच्यापेक्षा बरी लागते. पुढच्या रविवारी जास्त आण."

त्या रविवारांनी गिरिजा माणसांत आली. पाय भिजवायला शिकली, टोमणे मारायलाही शिकली. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःहून बांगडा मागितला. वारिजक्का काटे काढून तिला घास भरवायची. पुढे माझा तळचा कप्पा बांगड्याचाच झाला. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला. घरी आल्यावर गिरिजा मला चिंच लावून घासायची, आणि मीही गुपित पोटात ठेवायचो.

दसऱ्याला सासूबाई आल्या. रविवारी वारिजक्का हाक मारायला उंबऱ्यात आली, नेमकं तेव्हाच त्यांनी मला फळीवरून काढून नाकाशी धरलं. कडीच्या खाचेत वास राहिला होता.

"गिरिजा, काय गं हे?"

मला वाटलं, सांगेल. फार तर चार दिवस घर डोक्यावर घेतील, मग निवळेल. गिरिजा खाली बघत म्हणाली, "अत्ते, या वारिजाने मागून नेला होता. न सांगता मासे घातले हिने."

जिने काटे काढून भरवलं, तिच्यावरच हा आळ!

एका शब्दात वारिजक्का तिला उघडी पाडू शकली असती. ती गिरिजाकडे बघत राहिली. गिरिजाने मान वर केली नाही. "चुकलं माझं, अम्मा," वारिजक्का सासूबाईंना म्हणाली. "दुसरा आणून देते."

"दुसरा नको. हा तेवढा घेऊन जा, आणि पुन्हा या दारात येऊ नकोस."

तेव्हापासून मी सालियनांकडे आहे. सासूबाई गेल्यावर महिन्याभराने गिरिजा वाळूवर आली, कडेला उभी राहिली. वारिजक्काने सरकून जागा दिली, ताट केलं, माझ्यातला मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "घ्या ना, हिरेमठबाई."

गिरिजाने घास उचलला, तसाच ताटात ठेवला आणि उठली. पुन्हा ती आली नाही.

कुणाच्या पंगतीला बसलात, तर वेळ येईल तेव्हा 'बसलो होतो' एवढं तरी म्हणा, बाबांनो. त्या दिवशी मला बोलता आलं नाही, मी डबा आहे. गिरिजाला येत होतं.