डावरीची कात्री

लहानपणी तिला सगळे 'डावरी' म्हणत. आई डाव्या हातावर पट्टी मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावायची आणि थोरला भाऊ टाळ्या पिटून चिडवायचा. मोठेपणी ती शिवणकाम करू लागली, तेव्हा बाजारातल्या कात्र्यांनी अंगठ्याला फोड यायचे, कापड तिरकं जायचं. शेवटी तिने कात्र्यांना धार लावणाऱ्या काकांना गाठलं आणि तीन वर्षं खटपट करून उलट्या पात्यांची कात्री घडवून घेतली. डावखुरे शिंपी, न्हावी 'डावरीची कात्री' मागत दाराशी येऊ लागले, तेव्हा भावाबरोबर कंपनी काढायचं ठरलं.

"तू कात्र्यांचं बघ, कागदपत्रं माझ्यावर सोड," दादा म्हणाला. तिने सोडली.

सह्यांच्या दिवशी, कंपनी नोंदवायला दादाने नेमलेल्या सल्लागाराने त्याच्या ऑफिसात कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. ती एकेक पान वाचू लागली, तसा तो घड्याळाकडे बघू लागला. गठ्ठ्याच्या तळाशी ट्रेडमार्कच्या अर्जाची प्रत निघाली, महिन्यापूर्वीच दाखल केलेली. चिन्ह, डावरी. मालक, दादा. एकटा दादा.

"हे काय?"

"घरातल्या घरातच आहे ना, ताई," सल्लागार हसला.

"कुणाच्या का नावावर असेना, काय फरक पडतो?" दादा म्हणाला.

"पडत नाही ना? मग माझ्या नावावर कर."

दादाने ती प्रत उचलून परत गठ्ठ्याखाली सरकवली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पट्ट्या मी खाल्ल्या. तेव्हा नाही म्हणालास, घरातल्या घरात आहे, अर्ध्या मला दे! हा अर्ज माझ्या नावावर होईपर्यंत माझी एकाही कागदावर सही होणार नाही."

संध्याकाळी आईचा फोन आला. "परक्यासमोर भावाचा अपमान केलास."

"आणि त्याने गुपचूप केलं, तो माझा सत्कार होता?"

तिने ट्रेडमार्कच्या अर्जाला हरकत घेतली तर गावभरचे शिंपी तिच्या बाजूने साक्षीला उभे राहतील, हे सल्लागाराने दादाला समजावलं, तेव्हा कुठे तीन आठवड्यांनी दादाने अर्ज तिच्या नावावर करून दिला. पेन टेबलावर आपटून म्हणाला, "चालव आता एकटी."

ती थेट धारवाल्या काकांकडे गेली. "काका, कंपनीला दोन डायरेक्टर लागतात. दादाच्या जागी दुसरे तुम्ही व्हाल?"

काकांनी चष्मा लावून दोन दिवस कागद वाचले आणि पत्त्यातली चूक काढली. पुढच्या महिन्यात कंपनी नोंदली गेली. दादाने अजून चूक कबूल केलेली नाही, आणि तिचा रागही उतरलेला नाही.