पुंगीच्या पुढची पानं

“एका खिशात शिरली मुंगी, वाजवू लागली आपली...” एवढं म्हणून मी थांबले. टेबलावर बसलेल्या पोराने “पुंगी!” म्हटलं, तोवर सुई आत जाऊन बाहेरही आली होती. हसायचं की रडायचं हे त्याचं ठरायच्या आत मी दंडावर कापूस दाबला आणि त्याच्या आईला म्हटलं, “झालं. पुढचा नंबर.”

लसीकरणाच्या खोलीत मी एकोणतीस वर्षं काढली. हात हलका म्हणून माझं नाव आहे, पण खरी करामत टेबलावरच्या बडबडगीताच्या पुस्तकाची.

उंटाने शिवली नवी विजार,
खिसे लावले हजार हजार.

इथून ते सुरू होतं. यमक अर्धं सोडलं की मुलाला राहवत नाही, ते पुरं करतंच. पुरं करताना श्वास सुटतो, दंड सैल पडतो. तेवढ्यात टोचायचं. डॉक्टर नव्या नर्सेसना हे बघायला पाठवायचे. मीही नाक वर करून दाखवायचे, कशाला खोटं बोला. दवाखान्यातल्या त्या प्रतीची पहिली पाच पानं हाताळून पार मऊ पडली होती. पुंगीच्या पुढची मात्र कोरी करकरीत. तिथवर कधी कुणी गेलंच नव्हतं.

दुसरी प्रत घरी होती. मुलीसाठी घेतलेली, आता नातीकडे आलेली. नात एका जागी बसत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. बसायची ती फक्त माझ्या मांडीवर, मी ड्यूटीवरून आले की, पुस्तक घेऊन. वाचता येत नाही, पण सगळं तोंडपाठ. मी मुद्दाम चुकायचं, “वाजवू लागली आपली... शिट्टी.” मग तिने माझ्या तोंडावर हात दाबून “नाही, पुंगी!” म्हणायचं आणि मांडीवरून घसरेपर्यंत हसायचं. हे रोज सात-आठ वेळा. चहा गार व्हायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना रडवून आलेल्या बाईला आणखी काय हवं असतं?

भिंगरीला पाच वर्षं झाली आणि तिच्या लसीची तारीख आली.

“आई, तिला दुसऱ्या कुणाला तरी टोचू दे,” माझी मुलगी म्हणाली. “आणि ते पुस्तक तर नकोच.”

“का? माझ्याहून हलका हात आहे कुणाचा?”

“हाताचं नाही गं म्हणत मी.”

मी ऐकलं नाही. भिंगरी स्टुलावर बसली, मी पुस्तक उघडलं, ती खुशीत डोलायला लागली. “पुंगी!” म्हणाली आणि झालं. रडली नाही. दंडाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. “सिस्टरची नात शोभते,” नंबर पुकारणारे मामा म्हणाले.

संध्याकाळी मी मांडी घालून बसले आणि पुस्तक उघडलं. भिंगरी आली, पण समोर बसली. मी “वाजवू लागली आपली...” म्हणून थांबले. तिने दोन्ही हातांनी दोन्ही दंड गच्च धरले. ओठ मिटलेले. मी म्हटलं, “शिट्टी?” ती उठून आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटामागे सापडलं. मी नवीन आणलं, बेडकाचं, चित्रं सुरेख. पण ओळीच्या शेवटी मी जरा थांबले की तिचे हात दंडावर. मग मी न थांबता वाचायला लागले, बातम्या वाचतात तसं. त्यात तिला गंमत नव्हती आणि मलाही नव्हती. आठवड्याने ती म्हणाली, “आजी, नको वाचूस.” नीट, समजुतीने म्हणाली. तेच जास्त लागलं.

“मी सांगितलं होतं,” मुलगी म्हणाली.

“बाकीच्या पोरांचं कधी असं झालं नाही.”

“तुला काय माहीत? ती दारापर्यंतच दिसतात तुला.”

एकोणतीस वर्षं मी ‘पुढचा नंबर’ म्हणत आले. त्यांच्या घरी संध्याकाळी कुणी दंड धरून बसलं होतं का, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

दर वर्षी आम्हा कर्मचाऱ्यांना फ्लूची लस घ्यावी लागते. यंदा त्या दिवशी भिंगरीला शाळेला सुट्टी होती.

“आज मला सुई आहे,” मी म्हटलं. “येतेस?”

“तुला?” तिने दोनदा विचारलं. मग चपला घातल्या.

धाकटी सिस्टर टोचणार होती. माझ्याच हाताखाली शिकलेली, पण हात अजून जड. मी स्टुलावर बसले, बाही वर केली. भिंगरीने टेबलावरचं पुस्तक स्वतःहून उचललं.

“कुठे टोचणार?” तिने सिस्टरला विचारलं.

“पुंगीला,” सिस्टर हसली.

“मग आजीला आधी सांगा.”

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. तिला ते मी शिकवलं नव्हतं. मग भिंगरीच माझ्याजवळ आली. “आजी, पुंगी म्हटलं ना, की टोचणार. थोडं दुखेल. खोटं नाही सांगत.”

“बरं,” मी म्हटलं.

ती वाचायला लागली, म्हणजे पाठ म्हणायला लागली, पानं मात्र बरोबर जागी उलटत होती. विजार झाली, खिसे झाले, मुंगी शिरली. “वाजवू लागली आपली...” आणि ती थांबली.

ते थांबणं इतकं लांब असतं हे मला माहीत नव्हतं. माझा दंड ताठ झाला. या वयात, या खोलीत, मला भीती वाटली.

“म्हण ना आजी. मी आहे.”

“पुंगी,” मी म्हटलं. चांगलंच दुखलं. सिस्टरने कापूस दाबला आणि सवयीने म्हणाली, “झालं.”

“कुठे झालं?” भिंगरी म्हणाली. तिने पुढचं पान उलटायला घेतलं. ते मागच्याला चिकटलेलं होतं. तिने नखाने हळूच सोडवलं.

“उंट म्हणाला, बाहेर ये बाई...”

दार ढकलून मामांनी डोकं आत घातलं. “सिस्टर, बाहेर अकरा जण थांबलेत.”

“बसू दे त्यांना,” मी म्हटलं. “चार पानं राहिलीत.”

भिंगरी माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. मांडीवर बसली नाही, पण टेकली होती.

“मुंगी म्हणाली, कसली...” ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. दोन्ही हात पुस्तकावर होते.