डाव्या पिळाचं सूत

मुंजाजीला बीडच्या नुमाइशीत, म्हणजे कारागिरांच्या प्रदर्शनात, एकच काम होतं. घोंगडीला जी चिठ्ठी लावतात, तिच्यावर बायकोचं नाव लिहून घ्यायचं. काम तसं दोन शब्दांचं. अडचण एवढीच, की ते नाव त्यानं उभ्या जन्मात चारचौघांत घेतलं नव्हतं. ती होती तोवर घरात "ऐकलं का" वर भागलं, बाहेर "आमच्या घरचे" वर. मुलगा झाल्यावर ती "धर्माची माय" झाली आणि तीच राहिली. लिंबागणेशात कुणीच नवरा बायकोचं नाव घेत नसे, तेव्हा त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. तिनं कातलेल्या काळ्या लोकरीचे गुंडे आढ्याला तसेच टांगलेले होते. तीन शेर सूत, बरोबर एका घोंगडीपुरतं. सून दोनदा म्हणाली, "मामंजी, कसर लागंल की." मुंजाजी नुसता मान हलवी. मागावर बसायचं म्हणजे ते सूत संपवायचं, आणि ते त्याच्यानं होत नव्हतं.

मग गावात दवंडी आली. हैदराबाद सरकारच्या अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या, हुकुमानं बीडला बिंदुसरा नदीच्या काठी नुमाइश भरणार. जिल्ह्यातल्या कारागिरांनी हातचा माल आणावा. ज्याचा माल त्याचं नाव मालावर लिहून लावलं जाईल आणि आल्यागेल्याला वाचून दाखवलं जाईल. बक्षिसाचं पुढं काय सांगितलं ते मुंजाजीनं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं चिंचोके भाजायला टाकले आणि सुताला लावायच्या खळीची तयारी सुरू केली.

त्या सुतात काय होतं, ते मुंजाजीशिवाय आता कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची बायको ताराबाई डावरी होती. मेंढरांमागं चालता चालता बाया टकळी फिरवतात ती उजव्या हातानं. ही फिरवायची डाव्या हातानं. त्यामुळं धाग्याचा पीळ उलट्या अंगाला बसायचा. नुसतं बघून कळत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या घोंगडीत एक पट्टी मुंजाजीच्या आईच्या सुताची आली, दुसरी ताराबाईच्या. लोकर त्याच मेंढरांची, एकाच दिवशी कातरलेली. दोन्ही पट्ट्या शिवून घोंगडी उन्हात धरली, तर एक काळीभोर दिसली आणि दुसरी करडी. फिरवून धरली, तर करडी होती ती काळी झाली आणि काळी होती ती करडी.

मुंजाजीच्या आईनं, साखराबाईनं, कपाळाला हात लावला होता. "डाव्या हाताचं सूत! लोकं म्हंतील दोन घोंगड्या फाडून एक केली. ए पोरी, उजव्या हातानं कात की गं. कावून हट्ट करती?"

ताराबाई खाली मान घालून ऐकायची आणि पुन्हा टकळी डाव्याच हातात घ्यायची. साखराबाईनं मरेपर्यंत तिला बोल लावला, आणि तिनं मरेपर्यंत उत्तर दिलं नाही. मुंजाजीला तेव्हा वाटायचं, बाईमाणसानं इतकंही हट्टी असू नये. पण भांडण्यापेक्षा त्यानं दुसरी वाट काढली. तिचं सूत वेगळं ठेवायचं, आणि तिच्या घोंगडीत दुसऱ्या कुणाचा एक धागा घालायचा नाही. मागावर धागा तुटला की विणकर दोन टोकं अंगठा पुढं सारून वळतो. तिच्या सुताला तसं केलं तर पीळ उलगडून धागा सुटायचा. अंगठा मागं ओढावा लागायचा. चाळीस वर्षं अंगठा मागं ओढून मुंजाजीला तीच सवय जडली होती. जानव्यासाठी सूत वळणारा बामण बघितला तरी त्याला ते उलटंच वाटे.

पुतण्या बंकटच्या बैलगाडीतून तो बीडला पोचला, तेव्हा नाव लिहून घेणाऱ्या मुन्शीपुढं पन्नासेक माणसं उभी होती. मातीचे रांजण, लाकडी फण्या, काठीत लपवलेल्या गुप्त्या, कुणाची विणलेली पलंगपोस. रांग सरकेपर्यंत मुंजाजी मनातल्या मनात ते नाव घोळवत राहिला. मनात ते सहज येत होतं.

"नाम?" मुन्शीनं मान वर न करता विचारलं.

"मुंजाजी वल्द हरिबा. मौजे लिंबागणेश. पर साहेब, सूत मी न्हाई काडलं."

"तो किसने काता?"

मुंजाजीनं तोंड उघडलं. मागं बंकट उभा होता, त्याच्या मागं ओळखीपाळखीचे दहा जण. "घरच्यांनी," तो म्हणाला.

"घर का तो मालूम है. नाम क्या?"

"घरच्यांनीच."

"अच्छा बड़े मियाँ, घर में सब एक." मुन्शीनं पुढचा रकाना गाठला. "क्या लगा है इसमें?"

हा प्रश्न सोपा होता. घोंगडीला काय लावतात, हे मुंजाजीला झोपेतही सांगता आलं असतं. "खळ," तो म्हणाला.

"खाल?"

"हाव, खळ."

"बाज़ार से ली?"

"छ्या! इकतची कशाला? घरचीच."

मुन्शीनं दोन अक्षरं ओढली, चिठ्ठी घोंगडीला टाचली आणि शिपायाकडं दिली. बाजूला झाल्यावर बंकट म्हणाला, "तात्या, काकीचं नाव सांगायला आलतो ना आपण? मग घरच्यांनी, घरच्यांनी काय लावलंतं?"

"तू तुजी बैलं बघ," मुंजाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल मांडून झाला. मुंजाजी लोकरीच्या तंबूत गेला, तर तिथं गेवराईकडच्या, पाटोद्याकडच्या पंचवीस घोंगड्या होत्या, त्याची नव्हती. दुपारपर्यंत हिंडल्यावर ती सापडली ती चामड्याच्या तंबूत, एका बाजूला टांगलेल्या जिनांच्या आणि दुसऱ्या बाजूला पाणी भरून लटकवलेल्या कातडी छागलांच्या मधोमध.

छागला धोंडीराम नावाच्या माणसाच्या होत्या. बीडच्या छागलेतलं पाणी वैशाखातही गार राहतं, म्हणून तिला दूरदूरहून मागणी असे. तो तंबूच्या खांबाला टेकून हसत होता. "या मामा! सकाळपून वाट बघायलोय, ह्या जनावराचा धनी कोन म्हून."

"हितं कुनी आनली ही?"

"तुमच्या चिठ्ठीवर खाल लिवलंय म्हनं. खाल म्हंजी कातडं. आमच्याच जातीचा माल झाला की तुमचा!"

मुंजाजीला कळायला एक क्षण लागला. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. बंकट मात्र पोट धरून हसला. "तात्या, लोकरीला कातडं करून ठिवलं तुमी! आता गावात खंडोबाच्या जागरणाला ही घोंगडी हातरू देतील का कुनी?"

मुंजाजी धावत लोकरीच्या तंबूकडं गेला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, लोकरीचा निकाल सकाळीच झाला, चांदीचा बिल्ला पाटोद्याला गेला, आता काही बदलत नाही. मुंजाजी परत आला आणि घोंगडीखाली बसून राहिला. बिल्ला गेला त्याचं त्याला काही नव्हतं. पण चिठ्ठीवर तिचं नाव नाही ते नाहीच, वर जे लिहिलं तेही खोटं. तीन शेर सूत संपलं. आता पुन्हा लिहून घ्यायला दुसरी घोंगडी कुठून आणणार?

धोंडीरामला त्याची दया आली असावी. तो उठून घोंगडीची किनार चाचपू लागला. चामडं शिवायचा दोरा तो स्वतः मांडीवर वळायचा, त्यामुळं धागा बोटात आला की बोटं आपोआप चालायची. त्यानं किनारीचा एक धागा चिमटीत धरून वळून बघितला, थांबला, पुन्हा वळून बघितला.

"मामा, ह्यो दोरा उलटा हाय."

मुंजाजीनं वर बघितलं.

"पीळ उलटा हाय. मी वळाया गेलो तर उलगडाया लागला." त्यानं दुसरीकडचा धागा धरला, मग मधला. "समदाच उलटा! एक बी धागा सुलटा न्हाई. चुकून झालं का?"

"चुकून कुठलं? चाळीस वर्षं तसंच हाय," मुंजाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खुलला. इतक्या वर्षांत घराबाहेर हे कुणाला कळलं नव्हतं. लोकरीच्या तंबूतल्या पारखी माणसांनी वजन बघितलं असतं, लांबी मोजली असती, आणि पुढं गेले असते. तो धोंडीरामला दोन रंगांच्या पट्ट्यांची गोष्ट सांगू लागला, तुटका धागा कसा जोडायचा ते अंगठ्यानं दाखवू लागला. धोंडीरामनं जाणाऱ्या दोघातिघांना बोलावलं, "या, ह्यांच्या घोंगडीचा पीळ बघा," आणि तंबूत गर्दी जमली.

तेवढ्यात चामड्याची पारख करायला हैदराबादहून आलेले साहेब, मुन्शी आणि शिपाई आत शिरले. साहेबांनी जिनं पाहिली, शिवण ओढून पाहिली. मग घोंगडीपुढं उभं राहून चिठ्ठी वाचली.

"ये किस जानवर की खाल है भाई?"

सगळा तंबू हसला. मुन्शीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. धोंडीरामनं पुढं होऊन खळ म्हणजे चिंचोक्याची पेज, ती ताण्याला कुंच्यानं मारतात, हे त्याच्या मोडक्यातोडक्या उर्दूत समजावलं. "पर साहेब, गल्ती हो गयी तो हो गयी. सूत देखो. उलटा है."

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. ते कापडाच्या कामातले नव्हते, पण कुतूहलाचे असावेत. त्यांनी आधी घोंगडीचा धागा बघितला, मग स्वतःच्या शेरवाणीच्या बाहीचा, मग पुन्हा घोंगडीचा. "बेशक," ते म्हणाले. मुन्शीला त्यांनी 'खाल' हा शब्द खोडून तिथं 'ऊन', म्हणजे लोकर, लिहायला सांगितलं. बक्षीस आता देता येणार नाही, पण चिठ्ठी बरोबर पाहिजे. आणि सूत इतकं निराळं असेल, तर कातणाऱ्याचंही नाव पाहिजे.

"किसने काता?"

मुन्शी टाक घेऊन उभा राहिला. काल मागं ओळखीची दहा माणसं होती, आज चाळीस. मुंजाजीच्या कपाळावर घाम आला. "आमच्या..." तो म्हणाला आणि अडला.

"अहो, बायकोनं कातलंय, नाव घ्यायला लाजतेत ते!" बंकट ओरडला. मग काय, लग्नाच्या मांडवासारखा कल्ला झाला. उखाणा घ्या, मामा! उखाण्यात घ्या, म्हंजी दोस न्हाई! एक म्हातारा तर जुळवूनही द्यायला लागला. मुंजाजीनं उखाणा आठवायचा प्रयत्न केला. मांडवात एक घेतला होता, चांदीच्या वाटीचा का कशाचा. चाळीस वर्षांत तो पार पुसला गेला होता. आणि उखाणा घेतात तेव्हा समोर ती पदराआड हसत बसलेली असते. इथं कोण होतं हसायला?

"ताराबाई," तो म्हणाला.

आवाज बारीक निघाला. मुन्शीनं कानामागं हात धरला.

"ताराबाई!" मुंजाजी मोठ्यानं म्हणाला. "हे सूत ताराबाईनं काडलं. लिवा."

कल्ला थांबला. टाकाचा कुरकुर आवाज तेवढा झाला. मुन्शीनं चिठ्ठी पुन्हा टाचली. मुंजाजीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवून घेतलं. साहेब छागलांकडं वळले, गर्दीही त्यांच्यामागं सरकली.

मग जो येई तो विचारी, कुणाचं सूत? आणि मुंजाजी सांगे, ताराबाईचं. दर वेळी ते थोडं सोपं जाई. उन्हं कलेपर्यंत त्याला त्यात गोडी वाटू लागली. कुणी नाही विचारलं तर तो आपणहून सांगे.

समोर वाकळांच्या तंबूत बसलेली एक म्हातारी मघापासून इकडं कान देऊन होती. ती काठी टेकत आली. "बाबा, कुठली ताराबाई म्हनायलास?"

"लिंबागनेसची. माहेर चकलांबा."

"चकलांबा!" म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला. "म्हंजी दाजी हाव की तुमी! मी वच्छला. तारी अन् मी शेजारच्या. लगीन होऊन गेली, मग गाठ न्हाई. बरी हाय का?"

मुंजाजीनं सांगितलं. म्हातारी काठी टेकत जवळ सरकली. मग घोंगडीवरून हात फिरवत म्हणाली, "लई आखुड आयुक्ष बांदलं देवानं."

"डावरी हुती ना, म्हून सूत असं," मुंजाजी म्हणाला. आता तो हे सगळ्यांनाच सांगत होता.

"कोन, तारी? तारी कवा डावरी हुती?" वच्छलाबाई हसली. "उजव्या हातानं गोटी मारायची, पोरं पळायची. नऊ वरसाची असंल, चिंचंवरून पडली. मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं. जोर ऱ्हायला न्हाई त्यात. मग तिच्या मायनं धाक घातला, सासरी कुनाला सांगू नको. मोडक्या हाताची पोर कोन करील? डावरी म्हन, डावरी चालती."

मुंजाजीला एकेक आठवू लागलं. कासार दारात आला की ताराबाई बांगड्या आत नेऊन एकटीच भरायची. थंडीच्या दिवसांत चुलीपाशी बसली की उजवं मनगट शेकायची. घागर दोन्ही हातांनी उचलायची. त्यानं हे सगळं रोज बघितलं होतं. आणि साखराबाई म्हणायची, हट्टी आहे, कावून हट्ट करती. तोही मनात तेच म्हणायचा.

"मला कदी बोलली न्हाई," तो म्हणाला.

"कशी बोलंल? मायची आन हुती."

तंबू रिकामा होत आला होता. बंकट बाहेरून हाका मारत होता, तात्या, चला, अंधार पडायच्या आत घाट वलांडू. मुंजाजीनं तिकडं लक्ष दिलं नाही. अंगाखालची पटकुराची घडी उलगडून त्यानं अर्धी वच्छलाबाईसाठी पसरली.

"बसा," तो म्हणाला. "चिंच कुठली? गावातली का रानातली?"

"गावातली. मारुतीच्या मागली." वच्छलाबाई काठी बाजूला ठेवून सावकाश खाली बसली. "अन् चड म्हून कुनी सांगितलं, म्हाईत हाय का?"

"कुनी?"

"मीच की, दाजी."

मुंजाजी जरा सरकून बसला. "पयल्यापून सांगा," तो म्हणाला.